तेल दिलेल्या जुन्या सागवानी दारावर रंग टिकेल का?

वर्षानुवर्षे जवसाचे तेल दिलेल्या दारावर ऑइलपेंट टिकेल का, असे आपण विचारले आहे. टिकेल, परंतु पाण्याचे थेंब लाकडावर मोत्यासारखे गोळा होऊन तसेच राहत असतील, तर तेल अजून वरच आहे आणि रंग पापुद्र्यांनी सुटेल. टर्पेंटाइनच्या फडक्याने, फडके वारंवार बदलत, नक्षीच्या खाचांपर्यंत पुसावे. पूर्ण वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासून वुड प्रायमर द्यावा, तो २२० नंबरने हलका घासावा आणि मगच रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलकट फडक्यांचा बोळा मात्र कधीही ठेवू नये, कारण जवसाचे तेल वाळताना तापते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत.