मुख्य कार्यालयाचा वचक आणि शाखांची मोकळीक

प्रश्न : आमच्या महिला गृहउद्योग संस्थेचे मुख्य कार्यालय सोलापुरात असून जिल्ह्यात पाच शाखा आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी ही आमची मुख्य उत्पादने. गेल्या वर्षी एका शाखेने परस्पर स्वस्त मिरची घेतली आणि चटणीविषयी तक्रारी आल्या. तेव्हापासून कांडप यंत्राचा पट्टा तुटला तरी मुख्य कार्यालयाची लेखी परवानगी लागते. शाखांमधील भगिनी नाराज आहेत. नेमके काय आपल्या हाती ठेवावे आणि काय सोडावे?
— एक कार्यवाह, सोलापूर

उत्तर : चूक मिरचीत झाली आणि शिक्षा पट्ट्याला मिळाली, असे आपल्याकडे झालेले दिसते. एका शाखेच्या हातून बिघडल्यास पाचही शाखांचे नाव जाते अशा गोष्टी मुख्य कार्यालयाकडेच असाव्यात. मिरची व शेंगदाण्याची हंगामी खरेदी, मसाल्याचे प्रमाण, पाकिटाचे वजन आणि छपाई या त्यांत मोडतात. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते, तेव्हा साठवणुकीचे नियमही एकच हवेत.

या बाबतीत ‘लिज्जत’ पापडाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला हा उद्योग आज देशभर पसरला आहे. उडदाची डाळ, हिंग आणि मिरी यांची खरेदी मध्यवर्ती होते, त्यामुळे कुठल्याही शाखेच्या पापडाची चव बदलत नाही. मात्र भिजवलेले पीठ भगिनींना देणे, त्यांनी घरून लाटून आणलेले पापड तपासून, तोलून घेणे आणि मजुरी चुकती करणे ही रोजची कामे त्या त्या शाखेची संचालिकाच पाहते. माझ्या मते याहून महत्त्वाची बाब अशी, की शाखेचा नफा-तोटा त्या शाखेतील भगिनींमध्येच वाटला जातो.

आपल्या पत्रात हिशेबाचा उल्लेख नाही, आणि अडचणीचे मूळ तिथेच असावे असे वाटते. पाचही शाखांचा नफा एकाच पेटीत जमा होत असेल, तर स्वस्त मिरची घेणाऱ्या शाखेला त्या निर्णयाची झळ लागत नाही आणि काटकसर करणाऱ्या शाखेच्या पदरातही काही पडत नाही. अशा स्थितीत अधिकार दिले तरी ते जबाबदारीने वापरले जातीलच, याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून आधी शाखानिहाय जमाखर्च वेगळा करा. मग किरकोळ दुरुस्ती, कामाच्या वेळा, मदतनीस नेमणे, लग्नसराईच्या स्थानिक मागण्या घेणे हे सारे शाखेवर सोपवा आणि खर्चाची मासिक मर्यादा ठरवून द्या. त्या मर्यादेत परवानगी नको, महिनाअखेर पावत्या पुरेत. तपासणीला मात्र न कळवता जावे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्रत्येक उत्पादनस्थळाची नोंदणी किंवा परवाना वेगळा लागतो, हेही शाखांना समजावून सांगा.

सुरुवात एकाच शाखेपासून करावी, आणि ती निवडताना सर्वांत आज्ञाधारक शाखा न घेता जिची कुरकुर सर्वाधिक आहे ती घ्यावी.