तिचा प्रसंग काढून टाका

प्रश्न: ताई, आम्ही चौघी मैत्रिणी नाशिकरोडच्या एका वस्तीत कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर दर रविवारी समाजमंदिरात नाटकाची तालीम घेतो. अकरा जणी येतात. त्यांच्याच आयुष्यावरचं अर्ध्या तासाचं नाटक जवळजवळ बसलंय. एका कंपनीने खर्च उचलायची तयारी दाखवली आहे, मोठ्या नाट्यगृहात प्रयोग ठरतोय. तालीम बघायला आलेल्या त्यांच्या लोकांना एक प्रसंग फार भावला. त्यात एक बाई नवऱ्याच्या मारहाणीचं स्वतःच सांगते. तो शेवटाला घ्या, म्हणाले. तेव्हापासून ती बाई दोन रविवार आलेली नाही. विचारलं तर 'पोरगं आजारी आहे' म्हणते. या बायकांना आवाज मिळवून द्यायचा तर असे अनुभव लोकांसमोर यायला नकोत का? तिला कसं समजवावं?

उत्तर: तिला समजावू नका. प्रसंग काढून टाका, आणि काढला हे तिच्या घरी जाऊन सांगा. फोनवर नको. 'आता तरी ये' असंही त्या दिवशी म्हणू नका. पोराची चौकशी करा, चहा प्या, उठा.

ती बोलली ती तुम्हा चौदा-पंधरा जणींसमोर. दार लोटलेलं, चपला बाहेर, सगळ्या ओळखीच्या. तेच नाट्यगृहात अनोळखी माणसांपुढे, दिव्याच्या झोतात बोलायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. आणि प्रयोग संपल्यावर तुम्ही रिक्षा करून घरी जाणार. ती ज्या घरी जाणार तिथे तो नवरा बसलेला असणार. याचा विचार तिने केलाय. पोरगं आजारी आहे, याचा अर्थ तोच.

मी हे हात पोळल्यामुळे सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या पथनाट्याच्या गटाने द्राक्षबागेतल्या मजुरांवर नाटक केलं होतं. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडला कामाला येणारी माणसं. संहिता माझी. उचल, मुकादम, शोषण, सगळं ठासून भरलेलं. शेवटी मुठी वळून घोषणा. एका बागेच्या कडेला मजुरांच्या झोपड्यांपुढे प्रयोग केला. लोकांनी मुकाट बघितला. मग एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, यात विरळणी कुठाय?

विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढतात, एवढंच मला ठाऊक. तिने करून दाखवलं. मांडव डोक्यावर, म्हणून दोन्ही हात वर, मान मागे, पानांतून येणाऱ्या उन्हाने डोळे बारीक. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी हात खाली येतात पण खांदे येत नाहीत, म्हणाली. तिच्या मागे उभ्या पाच-सहा जणींनीही हात वर केले. एकीची मान अशी काही हुबेहूब मोडली की बाकीच्या फिदीफिदी हसायला लागल्या. नाटक ते होतं. माझ्या घोषणा त्याच आठवड्यात कापल्या. (एक ठेवली. मोह सुटत नाही.)

'आवाज मिळवून देणे' या शब्दांशी माझं जरा वाकडंच आहे, त्यातून आपल्या जिल्ह्यात तर फारच. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. त्याच काळात भीमराव कर्डकांचा जलसा, म्हणजे गाण्यांतून आणि सोंगांतून आंबेडकरी चळवळ सांगणारा फड, वस्त्यावस्त्यांतून फिरत होता. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक, जे मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. ढोलकी त्यांची, शब्द त्यांचे, आणि काय गायचं, काय गिळायचं हे ठरवणारेही तेच. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ साली बुधन थिएटर उभं राहिलं तेही असंच. एकेकाळी ज्या जमातीवर कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यातलीच मुलं तिथे लिहितात, बसवतात, नट म्हणून उभी राहतात. तुमच्या नाटकात 'हे नको' म्हणायचा हक्क कुणाकडे आहे? तुम्हा चौघींकडे असेल तर तो आधी त्या अकरा जणींकडे द्या. प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणीही आपलं वाक्य मागे घेऊ शकते, हे पहिल्याच तालमीला सांगायचं असतं. तुमच्याकडून राहिलं, आता सांगा.

मारहाणीचा विषय सोडायचा नाहीये. तो 'एका बाईची गोष्ट' म्हणून घ्या, कुणाचीच नसलेली, आणि करायला दुसरीच बाई उभी करा. पहिला प्रयोग वस्तीत करा आणि मार पडायच्या क्षणी नाटक थांबवून विचारा, हिने काय करावं? ही युक्ती माझी नाही, ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. १९७३ मध्ये ते पेरूत साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथे प्रेक्षकांतली एक बाई नटीला पुन्हा पुन्हा सुचवत होती, तिचं काही समाधान होईना. शेवटी तिलाच रंगमंचावर बोलावलं, आणि तिने करून दाखवलं. तुमच्या वस्तीतही कुणीतरी उठेलच. कदाचित तीच उठेल, पण तिच्याकडे बघत बसू नका.

आणखी एक, पैशाचं. रविवारी भंगार वेचलं असतं तर जे मिळालं असतं, तेवढं तरी प्रत्येकीच्या हातात पडतं का? कंपनीकडून मागायचं तर हे मागा. प्रसंग का काढला विचारलं तर 'तिची मर्जी' एवढंच सांगा. त्यावरून पैसे काढून घेतले तर समाजमंदिरात सतरंजी आहेच.

प्रश्न: आमच्या पाड्यावरचा बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायची सोंगं, पंधरा मिनिटांत दाखवायला शहरातल्या महोत्सवाने बोलावलंय. जावं का? (पेठ तालुक्यातून)

उत्तर: ज्या घरांकडे सोंगांचा मान आहे त्यांना आधी विचारा, हो म्हणाले तर जा. गणपती, सरस्वतीची सोंगं घ्या, देवी आणि महिषासुराचं युद्ध घरीच ठेवा. पहाटेपर्यंत वाट बघून यायची ती गोष्ट, घड्याळ लावून होत नाही. संबळवाल्याचं मानधन नाचणाऱ्यांएवढंच ठरवून घ्या, त्याला नेहमी विसरतात. आणि बोलावणाऱ्यांना उलट निमंत्रण द्या: पाड्यावर या, रात्रभर बसा, पांघरूण बरोबर आणा, खुर्च्या नाहीत.