टॉवर नाही तिथे वहिनींचा आवाज कसा यायचा?

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ, दिग्रस तालुक्यातले. सोयाबीन निघालं की दिवाळीनंतर दोन गाड्यांवर, दोघंही जोडीने, चिखलदरा, सेमाडोह, धारणी करत ओंकारेश्वरला जायचा बेत आहे. मागच्या वर्षी लोणारला जाताना माझ्या गाडीची पिशवी सुटून पडली. सौ. मागून ओरडत होती आणि मला चार किलोमीटर पत्ता नाही. म्हणून हेल्मेटात बसणारा इंटरकॉम घ्यायचा आहे. एका हेल्मेटामागे पाच-सहा हजारांची तयारी आहे. खोक्यावर कुठे 800 मीटर लिहिलेलं असतं, कुठे 2 किलोमीटर. ते खरं असतं का? ब्लूटूथ घ्यावा की मेश? गाणीही ऐकता आली पाहिजेत. आमची हेल्मेटं पूर्ण बंद आहेत, बायकांची समोरून उघडी. – एक वाचक, ता. दिग्रस

उत्तर : भाऊ, तुमच्या वाटेवर मी एकदा चांगलाच फसलो आहे, तेच आधी सांगतो. कारंजात माझं दुचाकीचं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि पुतण्या दोन गाड्यांवर धारणीला निघालो. जाण्याआधी एका दुकानातून दोन सेट घेतले. “इंटरकॉमच आहे, खुशाल बोला,” असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं. अमरावती गेली, परतवाडा गेलं, आवाज अगदी स्वच्छ. घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणाला पुतण्याचा आवाज बंद. मला वाटलं, गप्प बसला असेल. पुढे एका कठड्याशी थांबलो, पंचवीस मिनिटं वाट पाहिली, मग उलटा फिरलो. पोरगा रस्त्याच्या कडेला मागचं चाक काढून बसलेला. “काकाजी, किती आवाज देल्ले तुम्हाले!”

ते सेट इंटरकॉम नव्हतेच. ते नुसते ब्लूटूथ हेडफोन होते आणि आम्ही दोघं इतका वेळ फोनवर बोलत होतो. टॉवर गेला तसा पुतण्याही गेला. मेळघाटात टॉवर जागोजागी जातो, आणि तुमची बरीच वाट मेळघाटातलीच आहे. खरा इंटरकॉम एका सेटवरून दुसऱ्या सेटशी थेट बोलतो, त्याला ना सिमकार्ड लागतं ना टॉवर. म्हणून दुकानात किंमत विचारायच्या आधी दोन्ही फोन पूर्ण बंद करा आणि दुकानदाराला म्हणा, आता दोन हेल्मेटांत बोलून दाखवा. एक जण आत, एक जण रस्त्यापलीकडे. बोलता आलं तरच पुढची गोष्ट करा. ऑनलाइन मागवलात तर खोकं आल्या दिवशीच हे करून पाहा, परत करायची मुदत टळू देऊ नका.

खोक्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, दोन सेट एकमेकांना अगदी समोरासमोर दिसत असतानाचं. मी दारव्हा रोडला सरळ पट्ट्यात मोजून पाहिलं. खोक्यावर 1 किलोमीटर लिहिलेला सेट चारशे मीटरच्या थोडं पुढपर्यंत नीट बोलला. मध्ये एसटी आली की तेवढा वेळ खरखर. घाटात तर डोंगराचा कोपरा आडवा आला की शंभर-दीडशे मीटरवरही आवाज तुटतो. त्यामुळे 2 किलोमीटरच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. घाटात तुम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहिलात तर साधा सेटही पुरतो.

आता ब्लूटूथ की मेश. ब्लूटूथमध्ये जोडणी साखळीसारखी असते, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. मधला तुटला की पलीकडचे सगळे तुटले. मेशमध्ये प्रत्येक सेट इतर सगळ्यांना धरून असतो, एक मागे पडला तरी बाकीचे बोलत राहतात, आणि तो जवळ आला की आपोआप परत जोडला जातो. आठ-दहा गाड्यांच्या टोळीला मेशच हवा. पण सेना किंवा कार्डो अशा कंपन्यांचा मेश सेट बहुतेक वेळा एका हेल्मेटामागे वीस हजारांच्या पुढे जातो. चार माणसांसाठी एवढा खर्च करू नका असंच मी सांगेन. चौघं एकत्र बोलू शकतील असा एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा ब्लूटूथ सेट घ्या. आपल्याकडे बंगळूरूची ब्लूआर्मर ही कंपनीही हेल्मेटातले इंटरकॉम करते, तेही पाहून घ्या. दोन कंपन्यांचे सेट जोडायची सोय असते, पण मग बऱ्याच सोयी गळतात आणि जोडणी दर वेळी नव्याने करावी लागते. चौकात उभं राहून बटणं दाबत बसायचा खेळ होतो.

साखळी लावताना क्रम जपा. एका टोकाला वहिनी, मग तुम्ही, मग धाकटे, दुसऱ्या टोकाला त्यांची सौ. असं लावलंत की धाकटे मागे राहिले तरी तुमचं आणि वहिनींचं बोलणं चालू राहतं. दोघी जावांना आपसात जोडायचं आणि तुम्ही दोघं टोकाला, असं केलंत तर दोघींपैकी एकीचाही सेट बंद पडला की तुम्ही दोघं भाऊ तुटाल.

माझ्याकडे “आवाजच येत नाही” म्हणून जे सेट येतात, त्यातले बहुतेक बिघडलेले नसतात. स्पीकर चुकीच्या जागी चिकटवलेला असतो. कानाच्या भोकासमोरून अर्धा सेंटिमीटर जरी सरकला, तरी ताशी सत्तरच्या वेगाला शब्द कळत नाही. ही जागा शोधायची माझी पद्धत सांगतो. कानाच्या पुढच्या उंचवट्याला बोटाने चिमूटभर कणीक लावायची, हेल्मेट सरळ घालायचं आणि तसंच सरळ काढायचं. आतल्या काळ्या कापडावर पांढरा ठिपका उठतो. स्पीकरचा मधला भाग तिथे आला पाहिजे. दोन्ही कानांचं वेगळं करा, कारण दोन्ही ठिपके क्वचितच समोरासमोर येतात. बऱ्याच हेल्मेटांत कानापाशी थर्माकोलला मुळातच खळगा असतो, त्यात स्पीकर बसतो. तसा नसेल तर पातळ स्पीकरचा सेट निवडा. थर्माकोल ब्लेडने कोरू नका, टरफलाला भोक पाडू नका. डोकं वाचवतो तो थर्माकोलच. हेल्मेटावर आयएसआयची खूण आहे ना, तेही पाहा, वहिनींच्याही. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतंच.

माइक दोन प्रकारचे येतात. तुमच्या बंद हेल्मेटात हनुवटीच्या पट्टीला चिकटवायचा बटणासारखा, आणि बायकांच्या उघड्या हेल्मेटाला दांडीचा. खोक्यात दोन्ही आहेत का ते बघून घ्या. दांडीचा माइक ओठांना लागेल न लागेल इतका जवळ हवा, आणि त्यावर ठिपका किंवा बाण असेल तर ती बाजू तोंडाकडे. त्यावरची स्पंजाची टोपी हरवू देऊ नका, नाहीतर वहिनींच्या आवाजाऐवजी तुम्हाला वाराच ऐकू येईल.

गाण्यांचं म्हणाल तर बहुतेक साध्या सेटमध्ये बोलणं सुरू झालं की गाणं थांबतं, नाहीतर बारीक होतं. ते तसंच असावं. मला काळजी आवाजाच्या पातळीची आहे. शंभरच्या वेगाला हेल्मेटात नुसत्या वाऱ्याचा आवाज 95-100 डेसिबलपर्यंत जातो. 85 डेसिबल आठ तास चालतो असं धरतात, 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. त्यावर कडी करायला लोक स्पीकर शेवटच्या खुणेपर्यंत नेतात आणि संध्याकाळी कानात शिट्टी वाजते. माझ्या डाव्या कानाला ती आता कायमची आहे. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते कानात घालून पाहा. वारा दबतो आणि बोलणं उलट स्पष्ट होतं. अमरावती रोडला मी ते घालतोच. घाटात वेग कमी असतो, तिथे काढतो, आणि गाणंही बंद करतो. सेमाडोहच्या वाटेवर वळणापलीकडे गवा उभा असू शकतो, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे टॉवर नसला तरी डावं-उजवं कानात ऐकू येईल. चौघांचे शब्दही ठरवून ठेवा : “खड्डा डावा”, “जनावर”, “थांबा”. लांब वाक्य तुटतं, एक शब्द पोचतो. निघायच्या आठवडाभर आधी दिग्रस ते दारव्हा अशी एक फेरी चौघं मिळून करा. वहिनींना मागून तीनदा “पिशवी” म्हणायला सांगा. तिन्ही वेळा ऐकू आलं नाही तर कणकेचा ठिपका परत पाहा.

प्रश्न : माझा इंटरकॉम पहिल्या वर्षी दिवसभर चालायचा, आता दोन तासांत बंद पडतो. कंपनी फसवी आहे का? – एक वाचक, वरोरा

उत्तर : मे महिन्यात हेल्मेट कुठे ठेवत होता, ते आठवून पाहा. आपल्याकडे सावलीत 45 अंश होतात, टिनाखाली किंवा उन्हात लावलेल्या गाडीच्या टाकीवर त्याहून कितीतरी जास्त. आतली लिथियमची बॅटरी 45च्या वर तापलेली असताना चार्ज केली की तिची ताकद कायमची घटते. उन्हातून आल्यावर सेट हेल्मेटावरून काढा, अर्धा-पाऊण तास घरात थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धा भरून ठेवा. चार्जिंगच्या भोकात कापसाचं तूस गेलंय का तेही बघा, वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या तीन सेटांत तेच निघालं. कोरडा मऊ ब्रश फिरवा, पिन घालू नका. रबरी झाकण मात्र परत घट्ट लावा. ते उघडं राहिलं तर खोक्यावर आयपी 67 (धूळ-पाणी आत जात नाही याची खूण) लिहिलेलं असूनही पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. एवढं करूनही दोनच तास चालत असेल तर बॅटरी संपली. काही मॉडेलना नवी बसते, आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.