युरोव्हिजन जिंकल्यावर लोरीन गायब झाली होती का?

नाही हो, गायब वगैरे काही नाही. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. स्वीडनची लोरीन २०१२ ला अझरबैजानची राजधानी बाकूमध्ये 'युफोरिया' गाऊन जिंकली, ३७२ पॉइंट्स, आणि ते गाणं नंतर युरोपभर बऱ्याच देशांत एक नंबरला होतं. आईवडील मोरोक्कोचे, बर्बर समाजातले. २००४ च्या स्वीडिश आयडॉलमध्ये ती चौथी आली होती, त्यानंतर बरीच वर्षं फारसं नाव नव्हतं आणि २०११ ला स्वीडनच्या निवड स्पर्धेत, म्हणजे मेलोडिफेस्टिवालेनमध्ये, फायनललासुद्धा पोचली नव्हती, पुढच्याच वर्षी थेट युरोप जिंकलं!

मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं तर बाकूत असताना ती तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांना जाऊन भेटली, यजमान सरकारला ते अजिबात आवडलं नाही तरी. एवढी हिंमत किती जण दाखवतात?

मग 'हील' अल्बम आला, पण 'युफोरिया'एवढं मोठं काही झालं नाही, २०१७ ला परत मेलोडिफेस्टिवालेनला उतरली तर पुन्हा फायनलच्या आधीच बाहेर. म्हणून लोकांना वाटतं संपली. पण २०२३ ला लिव्हरपूलमध्ये 'टॅटू' गाऊन ५८३ पॉइंट्सनी परत जिंकली. दोनदा जिंकणारी ती पहिलीच बाई, आधी फक्त आयर्लंडच्या जॉनी लोगनने गायक म्हणून हे केलं होतं. पब्लिकची मतं फिनलंडच्या कॅरिया या गायकाला जास्त होती हे खरंय, त्यावरून खूप वाद झाले, पण ज्युरीने लोरीनला भरभरून दिलं आणि माझ्या मते तो आवाज ऐकल्यावर ते बरोबरच होतं.