सालेंतोचे कलाकार स्टेजवर पित्सिका वाजवतात, ते खरंच पारंपरिक असतं का?

मेल्पिन्यानो गावातल्या कार्यक्रमाचे व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंय, की एवढे दिवे, एवढा मोठा ऑर्केस्ट्रा, यात परंपरा म्हणावी असं काय उरलं? सालेंतो म्हणजे इटलीच्या बुटाची टाच, आणि पित्सिका म्हणजे तिथलं लोकसंगीत आणि त्यावरचा नाच. तिथल्या लेच्चे शहरात मी दोन वर्षं राहिले आणि तांबुरेल्लो वाजवायला शिकले, म्हणून लिहिते.

परंपरा आहे. फक्त ती कपड्यांत किंवा स्टेजवर न शोधता वादकाच्या उजव्या हातात शोधा. तांबुरेल्लो आपल्या खंजिरीच्या कुळातला, पण आकाराने मोठा. लाकडी कडं, त्यावर बकरीचं कातडं, कडेला पत्र्याच्या चकत्या. डाव्या हातात उभा धरायचा आणि उजव्या हाताने अंगठा, बोटांची टोकं, तळवा असं फिरवत तीन-तीनचे ठोके काढायचे. आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी गाणं शिकवलंच नाही, तासभर नुसतं मनगट फिरवून घेतलं. आठवड्याभरात माझ्या अंगठ्याची कड सोलवटली. आजोबांची भजनातली खंजिरी ऐकत वाढल्यामुळे मला वाटलं, सहाचाच ठेका आहे, दादरा धरू. पण दादरा समेवर जरा विसावतो. पित्सिका विसावतच नाही, पुढे ढकलत राहते.

ती तशी का, हे तिच्या जुन्या कामावरून कळतं. ‘अंगात येणं’ आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सालेंतोत, विशेषतः कापणीच्या दिवसांत, शेतात राबणारी एखादी बाई अचानक कोसळायची. तिला ‘तारांता’ म्हणजे कोळी चावला, असं मानत. मग घरी वादक बोलवायचे. जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, त्यावर ती बाई. व्हायोलिन आणि तांबुरेल्लो एकामागून एक चाली वाजवून बघायचे, आणि एखाद्या चालीला तिचं अंग हललं, की तीच धरून ठेवायची. ती नाचायला लागली, की तासन् तास, कधी दोन-तीन दिवससुद्धा. तिचं नाचणं थांबेपर्यंत वादकांना थांबता यायचं नाही. अशा ठेक्याला विसावा कुठून असणार?

नार्दो गावचे लुइजी स्तिफानी (1914–2000) हे या वादकांत सगळ्यात नावाजलेले. पेशाने न्हावी, दुकान सांभाळून व्हायोलिन वाजवायचे आणि आपण वाजवून बऱ्या केलेल्या बायकांच्या नोंदी ठेवायचे. बऱ्या झालेल्या बायका 29 जूनला, सेंट पॉलच्या सणाला, गालातिनाच्या छोट्या चॅपेलमध्ये आभार मानायला जायच्या. 1959 साली एर्नेस्तो दे मार्तिनो हे अभ्यासक आपला चमू घेऊन तिथे गेले. त्यात मानसोपचारतज्ज्ञ होते, आणि दिएगो कार्पितेल्ला हे संगीताचे अभ्यासकही. त्यांना आढळलं, की बहुतेकींचा त्रास दरवर्षी त्याच दिवसांत उलटायचा. कोळ्याच्या विषाने याचा उलगडा होत नव्हता. गरिबी, मनाविरुद्ध झालेलं लग्न, कुणापाशी बोलता न येणारं दुःख यांना त्या नाचात वाट मिळत होती. दे मार्तिनोंच्या 1961 च्या पुस्तकाच्या नावात ‘रिमॉर्सो’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ पश्चात्ताप, पण तोडून वाचला तर ‘पुन्हा दंश’. मला तो शब्द फार नेमका वाटतो.

पुढे लोक पोटासाठी उत्तर इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीला गेले आणि मागे राहिलेल्यांना या गाण्यांची लाज वाटू लागली. आमच्या घरमालकीणबाई तर हा विषय निघाला, की उठून स्वयंपाकघरात जायच्या. 1975 मध्ये लेखिका रीना दुरांते यांनी ‘कान्त्सोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो’ हा गट काढला तो या काळात. म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून त्यांनी गाणी शिकून घेतली. त्यांत ‘ग्रीको’तली गाणीही होती. ही तिथल्या काही गावांत टिकलेली ग्रीक बोली. 2007 पासून माउरो दुरांते हा गट चालवतात आणि व्हायोलिन व तांबुरेल्लो दोन्ही वाजवतात. त्यांचा उजवा हात एकदा बारकाईने बघा, मी काय म्हणतेय ते लक्षात येईल.

तुम्ही पाहिलेला मेल्पिन्यानोचा कार्यक्रम ‘ला नोत्ते देल्ला तारांता’ या महोत्सवातला; तो 1998 साली सुरू झाला. शेवटच्या रात्री लाखावर माणसं जमतात आणि पाहुणा संगीतकार येऊन गाण्यांची मांडणी करतो. मला त्यातलं सगळं आवडत नाही. ऑर्केस्ट्राखाली तांबुरेल्लो पुष्कळदा दबून जातो. पण त्यामुळे तिथली पोरं आजीची गाणी मोठ्याने म्हणायला लागली, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

जमलं तर 15 ऑगस्टच्या रात्री सालेंतोतल्याच तोर्रेपादुली गावाला जा. सान रोक्को या संताच्या सणाला तिथे रस्त्यावरच वाजवतात, त्याला स्टेज लागत नाही, माइक नाही. वादक गोल करून उभे राहतात, त्याला ‘रोंदा’ म्हणतात, आणि पहाटेपर्यंत वाजवतात. मध्ये दोघं हाताची बोटं सुरीसारखी रोखून झुंजीचा नाच करतात. मी गेले होते त्या रात्री एका काकांच्या तांबुरेल्लोच्या कातड्यावर रक्ताचे डाग पडले होते. त्यांनी हात रुमालाला पुसला आणि पुन्हा गोलात शिरले.

इतक्यात जाणं होणार नसेल, तर आधी कार्पितेल्लांनी ध्वनिमुद्रित केलेलं स्तिफानींचं व्हायोलिन ऐका, मग कान्त्सोनिएरे. नापोलीकडची ‘ताम्मुरियाता’ मात्र यात मिसळू नका. तिचा डफ मोठा आणि ठेका दोनाचा असतो; ती वेगळी बसून ऐकायची गोष्ट आहे.