नीटचा पेपर, पेटी आणि जबाबदारी : वाचकांचे प्रश्न

वैद्यकीय प्रवेशाची नीट घेणाऱ्या एनटीएला (राष्ट्रीय परीक्षा संस्था) एमपीएससीसारखा घटनात्मक दर्जा दिला तर पेपरफुटी थांबेल का? (एक पालक, लातूर)

दोन्ही संस्थांचा पाया वेगळा आहे. एमपीएससी राज्यघटनेच्या ३१५व्या कलमातून आलेली. तिचे अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतात; मुदत सहा वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, जे आधी पूर्ण होईल ते. गैरवर्तनाच्या आरोपावरून त्यांना हटवायचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते आणि मग राष्ट्रपतींचा आदेश. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे येतो, आणि शासनाने आयोगाचा सल्ला कुठे डावलला असेल तर त्याची कारणेही सोबत द्यावी लागतात.

एनटीए मे २०१८ मध्ये १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली. आपल्याकडची मंडळे, वाचनालये ज्या कायद्याने नोंदतात, तोच हा कायदा. संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. त्यामुळे महासंचालकाला किमान किती काळ पदावर ठेवायचे, चूक झाली तर कोणी कोणाला जाब द्यायचा, हे कायद्याने बांधलेले नाही. नीटच्या पेपरफुटीवरून २०२४ च्या जूनमध्ये गदारोळ उठला आणि महासंचालक बदलले. बाकीची घडी तशीच राहिली.

आमच्या मते घटनादुरुस्तीची गरज नाही. संसदेचा साधा कायदा पुरेल, पण तो हवाच. नुसत्या दर्जाने मात्र काम भागत नाही. पंजाब लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांची नेमणूक रद्द ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केला, तेव्हा मुद्दा हाच होता की माणसाची सचोटी आणि कुवत तपासण्याची खरी प्रक्रिया झालीच नव्हती. आयोग घटनात्मक असूनही हे घडले.

राधाकृष्णन समितीने १०१ शिफारशी केल्या म्हणतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची कोणती? (शिक्षिका, नांदेड)

त्या गदारोळानंतर केंद्र सरकारने परीक्षा-सुधारणांसाठी नेमलेली ही समिती. तिची सर्वांत महत्त्वाची शिफारस : परीक्षा केंद्रावर एनटीएचा स्वतःचा जबाबदार अधिकारी असावा, ही. कारण समजण्यासाठी ५ मे २०२४ ची, नीटच्या दिवशीची, झारखंडमधल्या हजारीबागची सकाळ पाहा. परीक्षा दुपारी दोनला होती. पेपरच्या पेट्या सकाळी बँकेतून परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत पोहोचल्या आणि नियंत्रण कक्षात ठेवल्या गेल्या. सीबीआयच्या तपासानुसार त्यानंतर थोड्याच वेळात एका बाहेरच्या माणसाला त्या खोलीत सोडण्यात आले. त्याने हत्यारांनी पेटी उघडली, पेपरचे फोटो काढले आणि पेटी पुन्हा होती तशी बंद केली. त्या शाळेचे मुख्याध्यापक एनटीएचे शहर समन्वयक होते आणि उपमुख्याध्यापक केंद्रप्रमुख. म्हणजे ज्याने देखरेख करायची आणि ज्याच्यावर करायची, ते एकाच शाळेतले वरिष्ठ आणि कनिष्ठ! कुलूप कितीही भारी असू द्या, अशा मांडणीत ते कुचकामी ठरते.

दहावी-बारावीचे काम केलेल्या शिक्षकांना हे पटकन कळेल. आपल्याकडे पेपर ताब्यात ठेवणारा परिरक्षक वेगळा, केंद्रसंचालक वेगळा, पाकिटे पोहोचवणारा रनर वेगळा. पेपर हातातून हातात जाताना प्रत्येक टप्प्यावर सही आणि वेळ पडली पाहिजे, आणि दोन सह्या एकाच कार्यालयातल्या असता कामा नयेत. समितीने केंद्रे आधीच सील करणे, जिल्हा प्रशासनाला सोबत घेणे हेही सुचवले आहे.

वरच्या पातळीवर समितीला अधिकार असलेले आणि उत्तरदायी नियामक मंडळ हवे आहे. त्याच्या तीन उपसमित्यांपैकी एकीकडे परीक्षांचे लेखापरीक्षण, नीतिमत्ता आणि पारदर्शकता हे विषय असतील. एनटीएने प्रवेशपरीक्षांपुरतेच राहावे, ही शिफारस सरकारने २०२५ पासून मान्य केली. ते योग्यच झाले.

परीक्षा संगणकावर घेतली की प्रश्न सुटेल ना? (विद्यार्थी, पुणे)

पेटी जाते, पण प्रश्न संपत नाही. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्यांना एकाच वेळी पुरतील इतके संगणक असलेली विश्वासार्ह केंद्रे नाहीत. मग अनेक सत्रे, वेगवेगळे पेपर आणि गुणांचे सामान्यीकरण (वेगवेगळ्या पेपरांचे गुण एका मापावर आणणे) आलेच. शिवाय धोका पेटीतून यंत्रात सरकतो. २०२१ च्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनमध्ये केंद्रावरचा संगणक दुरून ताब्यात घेऊन पेपर सोडवल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला. म्हणूनच खासगी केंद्रांवरचे अवलंबन कमी करून ४०० ते ५०० प्रमाणित केंद्रे उभारावीत, असे समिती म्हणते. आणि कंत्राटदाराच्या हाती निकाल सोपवला की काय होते, ते महाराष्ट्राने टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) घोटाळ्यात भोगले आहे. तिथे गुणच बदलले गेले आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली.

आम्ही सामान्य पालक काय करू शकतो? (कोल्हापूर)

माहिती अधिकारात एनटीएकडे अर्ज करा. ‘का झाले?’ असे विचारू नका, कागद मागा : केंद्र निवडीचे निकष, तुमच्या शहरातल्या केंद्राचा पाहणी अहवाल, नियामक मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा. शुल्क १० रुपये. इथे हमखास चूक होते. राज्याच्या कार्यालयांत चालणारे कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या संस्थांना चालत नाहीत. पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा, त्याला शुल्क नाही. दुसरे अपील ९० दिवसांत, तेही केंद्रीय माहिती आयोगाकडे. राज्य आयोगाकडे पाठवलेत तर दिवस वाया जातील. गोपनीयतेचे कारण देऊन पूर्ण कागदच नाकारला, तर कलम १० चा आधार घेऊन देता येण्याजोगा भाग वेगळा करून मागा.