पोरं टेबलाखाली लपतात, मग ड्रिल कसलं घ्यायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले बरेच प्रश्न आगीबद्दलचे होते, तेही अंगणवाडी-बालवाडीच्या वयाच्या पोरांबद्दल. सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलाय, त्यामुळं यावेळचं पान त्यालाच दिलंय. नावं कुणाची छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, मी पूर्व भागात अंगणवाडी चालवते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, घर आणि कारखाना एकाच इमारतीत, ८ माणसं गेली, त्यात एक तान्हं लेकरू पण होतं. तेव्हापासनं पालक मागं लागलेत की पोरांना काहीतरी शिकवा. माझ्याकडं तीन ते सहा वर्षांची पोरं, खोली एकच, कोपऱ्यात खिचडीचा गॅस. मी एक दिवस "आग लागली, पळा" म्हणून ओरडून बघितलं तर निम्मी पोरं हसायला लागली, दोघं रडली आणि एक पोरगं टेबलाखाली जाऊन बसलं. एवढ्या लहानांना शिकवायचं तरी काय?

ताई, ते टेबलाखाली गेलेलं पोरगं आहे ना, त्याच्यापासनंच सुरू करा. हसणारी आणि रडणारी निदान डोळ्यांसमोर तरी होती. या वयाची पोरं घाबरली की लपतात, कॉटखाली, कपाटात, आईच्या साड्यांच्या मागं, कारण त्यांना वाटतं मी कुणाला दिसत नाही म्हंजे मला काही होणार नाही. आग विझवणाऱ्यांना धुरात शोधताना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. म्हणून पहिला खेळ लपाछपीच्या उलटा घ्या. पोरांना खोलीत कुठंही बसू द्या, तुम्ही हाक मारा, हाक आली की ज्यानं त्यानं मोठ्यानं "मी इथंय!" ओरडायचं आणि आवाजाच्या दिशेनं चालत यायचं. मग तुम्ही दाराबाहेर जाऊन हाक मारा, नंतर मदतनीस ताईंना मारू द्या, नंतर तोंडावर रुमाल धरून जाडा आवाज काढून मारा. पोरांना हे इतकं आवडतं की तुम्ही थकाल पण ती थकणार नाहीत.

आग म्हणजे काय, ऑक्सिजन, बिक्सिजन, हे सगळं राहू द्या. तीन वर्षांच्या पोराला माहिती देऊन उपयोग नाही, त्याच्या पायांना सवय लागली पाहिजे. आणि सवय लावायची तर खूण एकच हवी. तुमच्या भागात घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, मराठी अंगणवाडीत येऊन शिकतात, त्यामुळं "पळा" हा शब्दच सोडा (तसंही पळायचं नाहीये, चालायचं आहे), त्याच्याऐवजी शिट्टी ठेवा. शाळा सुटायची घंटा वेगळी, ही शिट्टी वेगळी, आणि ही शिट्टी दुसऱ्या कशाला म्हणजे कशालाच वाजवायची नाही, कवायतीला पण नाही. शिट्टी वाजली की हातातलं खेळणं खाली, चप्पल-दप्तर विसरायचं, दोरी धरायची. दोरी म्हणजे जाड सुती दोर, हातहातभर अंतरावर गाठी मारायच्या, एका पोराला एक गाठ. पुढं तुम्ही, मागं मदतनीस, आणि बाहेर ठरलेल्या जागी जाऊन थांबायचं. लिंबाचं झाड असेल तर उत्तम, नाहीतर समोरच्या भिंतीवर रंगानं मोठा गोल काढून घ्या. जाताना हजेरीचं रजिस्टर काखेत मारायचं, कारण बाहेर गेल्यावर डोकी मोजायची ती रजिस्टरवरच, अंदाजानं नाही.

पहिल्या वेळी पोरांना आधी सांगून करा, "आज आपण शिट्टीचा खेळ खेळणार." दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासनं न सांगता. महिन्यातनं एकदा पुरे. एकदा खिचडीच्या वेळेला घ्या, ताटं समोर असताना, तेव्हा कळेल कोण उठतंय ते! आणि "आग लागली" असं खोटं ओरडायचं मात्र आता बंद करा, पोरं एकतर घाबरतात नाहीतर त्याला खेळ समजतात, दोन्ही वाईट.

धुराचं वेगळं शिकवायला लागतं. आगीत जाळापेक्षा धुरानं जास्त माणसं दगावतात. धूर गरम असतो म्हणून वर चढतो आणि जमिनीलगत त्यातल्या त्यात बरी हवा राहते, म्हणून रांगायचं. याचा खेळ असा, दोन मोठ्या माणसांनी कापड मांडीच्या उंचीवर आडवं ताणून धरायचं, तो धूर, आणि पोरांनी त्याला डोकं न लावता खालनं रांगत दारापर्यंत जायचं. आपल्याकडं चादरीला तोटा नाही, पण खरी सोलापुरी चादर जड असते, अंगावर पडली की पोरगं बोंबलतं, त्यापेक्षा विरलेली सुती साडी घ्या, तिच्यातनं उजेड पण दिसतो. डोकं लागलं तर बाद वगैरे करू नका, परत एकदा रांगू द्या. याच्यावर दोन ओळी म्हणायला ठेवा, तालात म्हटलं की डोक्यात बसतं, आमच्या एका बैठकीत ताईंनी जुळवल्या होत्या त्या देते : "धूर गेला वर वर, आम्ही चाललो खाली / दार दिसलं, बाहेर आलो, मोजा आमची टाळी."

कपड्यांनी पेट घेतला तर थांबायचं, झोपायचं, लोळायचं, हे सगळीकडं शिकवतात. शिकवा, पण सगळ्यात शेवटी, आणि पाच वर्षांच्या पुढच्यांनाच. कारण लहान पोरं ते कुठंही लावतात, बोटाला चटका बसला तरी लोळायला लागतात, शिट्टी वाजली तरी लोळतात, तिकडं दार राहतं बाजूला. घेताना सतरंजी टाका, सदऱ्याला लाल कागदाचा तुकडा चिकटवा, कागद असेल तरच लोळायचं, नसेल तर नाही, असा फरक करून दाखवा, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकायला सांगा.

आता तुमच्या गॅसबद्दल, ताई, आणि हे जरा कडक सांगते. पोरं रांगायला शिकली काय, दोरी धरायला शिकली काय, खोलीला दार एक आणि त्या दाराशीच शेगडी असेल तर सगळं फुकट आहे. शेगडी दारापासनं लांब, पोरांचा बाहेर जायचा रस्ता शेगडीवरनं जाता कामा नये, आणि जमत असेल तर खिचडी बाहेर पडवीत पत्र्याच्या आडोशाला. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातनं आग लागून वरच्या गवती छपराला गेली आणि ९४ पोरं गेली. तिथल्या पोरांची काय चूक होती सांगा. पर्यवेक्षिका बाईंना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि एक, गॅसचा वास आला तर रांगायचं नाही हं, स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. तेव्हा दिव्या-पंख्याच्या बटणाला हात न लावता, काडी न ओढता, सगळ्यांना चालत बाहेर काढायचं आणि बाहेरनं १९०६ ला, म्हणजे गॅस गळतीच्या नंबरला फोन. पण हे तुमचं आणि मदतनीस ताईंचं काम, पोरांना यातलं काही सांगू नका, त्यांचा गोंधळ होईल. त्यांना शिट्टी एवढंच.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. गड्ड्याच्या यात्रेला होममैदानावर होमप्रदीपन बघितलं, मग शोभेचं दारूकाम बघितलं, तेव्हापासून घरात काडेपेटी आणि माझा लायटर शोधत फिरतो. आई म्हणते एकदा हळूच चटका दे, जन्मात हात लावणार नाही. द्यावा का? (एक बाबा, जुळे सोलापूर)

नको दादा. आईंना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. पोरांची कातडी पातळ, आपल्याला "हळूच" वाटलेला चटका त्याला खोलवर जातो, हे एक. आणि चटक्यानं पोरगं एवढंच शिकतं की बाबांसमोर हात लावायचा नाही. मग ते कॉटखाली जाऊन काडी ओढतं, गादी पेटली तरी सांगायला येत नाही, कारण मार बसेल. वर पहिल्या उत्तरात लपणाऱ्या पोराचं लिहिलंय तेच हे, फक्त इथं आपणच त्याला लपायला शिकवतो.

आगीचं आकर्षण सगळ्या पोरांना असतं, त्यात काही वावगं नाही. त्याच्याबरोबर दोन टोपल्यांचा खेळ खेळा. चित्रं कापून घ्या, चेंडू, बाहुली, पाटी, काडेपेटी, लायटर, इस्त्री, तवा, उदबत्ती, पाण्याचा बंब, चहाचा कप, फटाका. एक टोपली "माझ्या वस्तू", दुसरी "मोठ्यांच्या वस्तू". पोरं चेंडू-काडेपेटी बरोबर टाकतात, अडतात ती चहाच्या कपाशी आणि इस्त्रीशी, आणि तिथंच खरं बोलायचं असतं, कारण एवढ्या लहान पोरांना भाजतं ते जास्त करून गरम चहा, आमटी, अंघोळीचं कढत पाणी यानं, काडीनं त्यापेक्षा कमी. खेळण्यातला लायटर किंवा लायटरसारखं दिसणारं काहीही घरात आणू नका, कुठलं खरं कुठलं खोटं हे त्याला कळत नाही.

दुसरं, काडेपेटी सापडली तर काय करायचं हे शिकवा. बरेच जण सांगतात "मला आणून दे." चूक. हातात घ्यायचीच नाही, मोठ्या माणसाला तिच्यापाशी घेऊन यायचं. आणि आला सांगायला की शाबासकी द्या, "तू कशाला गेलास तिकडं" म्हणून ओरडू नका, एकदा ओरडलात की परत सांगणार नाही.

आता तुमचं. लायटर शोधतोय म्हणजे तो कुठंतरी सापडण्यासारखा ठेवलेला असतो. वर, कुलपात, खुर्ची लावून हात पोचणार नाही असा. आणि "जा रे, आतनं काडेपेटी आण" हे आपल्याकडं सर्रास पोरांना सांगतात, पाहुणा आला की पोरगं काडेपेटी घेऊन पळत येतं आणि सगळे कौतुक करतात. ते आजपासनं बंद. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना त्याला हातभर लांब उभं करा आणि काम द्या, काडेपेटी वर ठेवली का ते त्यानं विचारायचं. अशी पहारेकरीची कामं पोरं फार चोख करतात, तुमची आई विसरेल पण तो नाही विसरणार.

प्रश्न : ट्रस्टनं बालवाडीत आग विझवायचा लाल सिलिंडर बसवलाय, शेगडीच्या बरोबर वर. कुणाला वापरता येत नाही. पोरांना दाखवायचा का?

पोरांना "मोठ्यांच्या वस्तू" मध्ये, बास. आधी तो तिथनं काढून दाराजवळ लावा, शेगडी पेटली तर तिच्यावरनं हात घालून कोण काढणार तो? सिलिंडरवर दाब दाखवणारं छोटं घड्याळ असतं, त्याच्या काट्याचं टोक हिरव्या भागात आहे का ते अधूनमधून बघा, भरल्याची आणि तपासणीची तारीख चिठ्ठीवर असते ती वाचा. वापरायचं म्हणजे पिन ओढायची, नळीचं तोंड जाळाच्या बुडाशी धरायचं, दांडी दाबायची, डावीकडनं उजवीकडं फिरवायचं. पण हे पोरं बाहेर गेल्यावर, आणि आग टोपलीएवढी असेल तर. त्याच्या पुढं गेली असेल तर तुम्ही पण बाहेर, आणि १०१ किंवा ११२.

प्रश्न : भाजल्यावर सासूबाई कोलगेट लावतात, शेजारीण हळद म्हणते, यूट्यूबवर बर्फ सांगतात. खरं काय?

तिन्ही नाही. साधं गार पाणी, भाजल्यावर लगेच, २० मिनिटं, घड्याळ लावून. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळं वाहता नळ कुठनं आणायचा म्हणाल, तर बादलीतनं तांब्यानं सावकाश ओतत राहा. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी ओतू नका, दुपारी ते स्वतःच कढत झालेलं असतं, माठातलं किंवा रांजणातलं घ्या. बांगडी, करदोटा, वाळा लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. कापड चिकटलं असेल तर ओढू नका, बाजूनं कापा. फोड फोडू नका. पाणी झाल्यावर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून डॉक्टरकडं, आणि तोंड, हात, पाय, लघवीची जागा भाजली असेल किंवा पोराच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल तर वाट न बघता १०८.

हे पोरांना पण शिकवता येतं, बरं का. बाहुलीच्या हाताला लाल खडूनं डाग करायचा आणि तांब्यानं पाणी ओतून "गार गार" म्हणायचं. पाण्याचा खेळ आहे म्हणून शिकवायचे कष्टच नाहीत. जमलं तर हा खेळ सासूबाईंसमोर घ्या.

प्रश्न : फायर ब्रिगेडची माणसं बालवाडीत येतात का? बोलवावं का?

बोलवा. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात जवान शाळांमधनं येतात, महापालिकेच्या अग्निशमन दलाकडं साधा अर्ज करा, जरा आधी करा, आणि १४ तारखेला जयंतीच्या गर्दीत कुणाला सवड नसते तेव्हा पुढची तारीख मागा.

पण येणाऱ्या जवानांना आधी एक सांगून ठेवा. बऱ्याच वेळा ते एकदम सगळा पोशाख, हेल्मेट, तोंडावर मास्क लावून येतात, रुबाब दाखवायला, आणि मास्कमधनं श्वासाचा घरघर आवाज यायला लागला की पोरं किंचाळून ताईंच्या पदरात शिरतात. खऱ्या आगीत हाच माणूस धुरातनं त्यांना न्यायला येणार आहे, त्याला बघून पोरगं अजून आत लपलं तर काय उपयोग? म्हणून साध्या कपड्यात यायला सांगा, पोरांशी गप्पा मारू द्या, मग त्यांच्यासमोर बूट, मग कोट, मग हेल्मेट, आणि सगळ्यात शेवटी मास्क, तो पण पोरांना हातात देऊन, आणि मास्क घातल्यावर "आता मला हाक मारा" म्हणायला सांगा. गाडीचा सायरन शेवटी, तोही पोरं लांब असताना. जवान मिळाले नाहीत तर तुम्हीच गॉगल, हेल्मेट, तोंडाला ओढणी असं एकेक करून घाला आणि काढा, पोरांना ओळखू येतंय का ते बघा.